लेस्टर सिटीच्या घसरणीचा दोष कोणाचा: प्रशिक्षकांचा की खेळाडूंचा?

उजवी बगल:
ज्या लेस्टर सिटी या इंग्लिश फुटबॉल क्लबने २०१६ मध्ये ८१ गुणांसह प्रीमियर लीग ही तिथली अव्वल श्रेणीची स्पर्धा जिंकली आणि २०२१ मध्ये चेल्सीला १-० असे हरवून इतिहासातला पहिला एफए चषक मिळवला, तोच संघ २०२३ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये दुसऱ्या श्रेणीत घसरला. आमच्या मित्रमंडळीत यावरून दोन तट पडले आहेत. एका तटाच्या मते तेव्हाचे प्रशिक्षक ब्रेंडन रॉजर्स यांना संघ सांभाळता आला नाही आणि त्यांच्यानंतर आलेल्यांनाही नाही. मी दुसऱ्या तटात आहे. मॅडिसन, टीलमन्स, बार्न्स आणि वार्डी ज्या संघात होते तो संघ २०२३ मध्ये अठराव्या, म्हणजे घसरणीच्या, क्रमांकावर राहिला, तेव्हा जाब मैदानावर उतरणाऱ्यांनाच विचारायला हवा, असे मला वाटते. जाणकारांनी कारणांसह मत द्यावे, ही विनंती.

जुना गोलरक्षक:
आपल्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा २०१७ चा आहे, आणि तो आपण दिलाच नाहीत. जेतेपदाला पुरते वर्षही झाले नव्हते, तोच २३ फेब्रुवारी २०१७ रोजी प्रशिक्षक क्लाउदिओ रानिएरी यांना काढून टाकण्यात आले. संघ तेव्हा सतराव्या क्रमांकावर होता आणि त्या वर्षात लीगमध्ये त्याने एकही गोल केलेला नव्हता. चारच दिवसांनी, रानिएरी यांचेच सहायक क्रेग शेक्सपिअर यांच्या हाताखाली, याच खेळाडूंनी लिव्हरपूलला ३-१ असे हरवले आणि पुढचे चार लीग सामनेही जिंकले. चार दिवसांत कोणी नवा खेळ शिकवू शकत नाही. कान्ते चेल्सीला गेल्यामुळे मधली फळी उघडी पडली होती, हे कारण त्या काळी फार सांगितले जाई. परंतु त्या चार दिवसांत कान्ते काही परत आला नव्हता! त्या खेळाडूंनी अंग चोरले होते, याहून सौम्य शब्द मला सुचत नाही.

लेस्टरकर:
२०१७ बाबत जुना गोलरक्षक यांच्याशी मी सहमत आहे, पण ती एका मोसमातली मरगळ होती. संघ शेवटी बाराव्या क्रमांकावर आला आणि चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या अव्वल क्लबांच्या स्पर्धेची उपांत्यपूर्व फेरीही खेळला. खरी घसरण मी २०२१ च्या उन्हाळ्यापासून धरतो, म्हणजे एफए चषक नुकताच हाती आलेला असताना.

त्याआधीची पाच वर्षे पाहा. २०१६ मध्ये कान्ते, २०१७ मध्ये ड्रिंकवॉटर, २०१८ मध्ये माहरेझ, २०१९ मध्ये सुमारे ८ कोटी पौंडांना मॅग्वायर आणि २०२० मध्ये चिलवेल, असा दर उन्हाळ्यात एक मोठा खेळाडू क्लबने चढ्या भावात विकला आणि त्या पैशातून नव्या दमाचे खेळाडू आणले. चाहते दरवेळी हळहळत, पण क्लबची चूल त्यावरच पेटत होती. २०२१ मध्ये ही साखळी तुटली. मोठे कोणी विकले नाही. उलट डाका, बुबाकारी सुमारे, वेस्टरगार्ड या नव्या खेळाडूंवर खर्च झाला. संघ २०२० आणि २०२१ अशी दोन वर्षे पाचवा आला होता आणि दोन्ही वेळा चॅम्पियन्स लीगची जागा अखेरच्या दिवशी हुकली होती, म्हणजे पगार मोठ्या क्लबांसारखे वाढले, पण त्या स्पर्धेचे उत्पन्न मात्र आले नाही. त्यातच करोनाकाळात विमानतळ ओस पडल्याने मालकांच्या किंग पॉवर या करमुक्त दुकानांच्या व्यवसायाला फटका बसला.

याचा परिणाम २०२२ मध्ये दिसला. कर्णधार आणि गोलरक्षक श्मायकेल नीस या फ्रेंच क्लबला गेला आणि फोफाना सुमारे ७ कोटी पौंडांना चेल्सीला. एक राखीव गोलरक्षक सोडला तर त्यांच्या बदल्यात फक्त वाउट फास आला (ज्याने पुढे लिव्हरपूलच्या अॅनफिल्ड मैदानावर एकाच सामन्यात दोन स्वयंगोल केले). संघाला नवे रक्त हवे आहे, असे रॉजर्स उघडपणे सांगत होते. दुसरीकडे टीलमन्स आणि सोयुंजू यांचे करार संपत आले असूनही क्लबने ना ते वाढवले, ना त्यांना वेळेत विकले. जून २०२३ मध्ये दोघेही फुकटात गेले. तेव्हा दोष प्रशिक्षकाचा की खेळाडूंचा, या प्रश्नात करार करणारे आणि विक्री ठरवणारे आपोआप सुटतात, आणि माझ्या मते मुख्य दोषी तेच आहेत.

जुना गोलरक्षक:
मांडणी पटते, पण रॉजर्स यांना आपण फार स्वस्तात सोडलेत. कॉर्नरवर गोल खाण्याचा रोग २०२१-२२ च्या मोसमातच उघड झाला होता आणि तो दुरुस्त करायला पैसा लागत नाही, सराव लागतो.

लेस्टरकर:
तो दोष त्यांच्याकडेच जातो, हे मान्य. पण त्यांना काढण्यासाठी २ एप्रिल २०२३ उजाडला, आणि डीन स्मिथ आले तेव्हा आठच सामने उरले होते. दुसऱ्या खेपेला, म्हणजे २०२४-२५ मध्ये, क्लबने याच्या उलट घाई केली. ९७ गुणांसह संघाला वर आणणारे मारेस्का चेल्सीला गेले, स्टीव्ह कूपर यांना बारा लीग सामन्यांनंतर काढले आणि व्हॅन निस्टलरॉय यांच्या काळात घरच्या मैदानावर सलग नऊ लीग पराभव झाले, तेही एकही गोल न करता. एकदा फार थांबायचे, एकदा थांबायचेच नाही. मग प्रशिक्षकाला किती दोष द्यायचा, ते आपणच सांगा.

उजवी बगल:
दोघांचे आभार. करारांच्या बाजूने मी विचार केला नव्हता, तरी एक शंका उरतेच. २०२३ मध्ये घसरणीतून वाचलेल्या एव्हर्टनपेक्षा अवघे दोन गुण कमी पडले. त्याच एव्हर्टनविरुद्ध १ मे रोजी २-१ ने पुढे असताना मॅडिसनची पेनल्टी त्यांचा गोलरक्षक पिकफर्डने अडवली आणि सामना २-२ असा सुटला. तिथे संचालक कुठे येतात?

लेस्टरकर:
त्या पेनल्टीत कुठेच नाहीत. ती मॅडिसनने सरळ मध्यात मारली आणि पिकफर्ड जागचा हलला नाही. पण मॅडिसनच्याच बाबतीत पुढे काय झाले ते पाहा. २०२२ च्या उन्हाळ्यात न्यूकॅसल त्याला मागत होते आणि त्याच्या कराराची दोन वर्षे बाकी होती, तेव्हा क्लबने नकार दिला. वर्षभराने संघ खाली गेला, कराराचे एकच वर्ष उरले, आणि तो सुमारे ४ कोटी पौंडांना टॉटनहॅमला द्यावा लागला.