विषय: पासे टाकून गेम खेळणारे आणि ट्रेकवाले
रोलप्लेइंग गेम, म्हणजे टेबलाभोवती बसून, एकेका पात्राची भूमिका घेऊन, पासे टाकत खेळायची साहसकथा. हे गेम खेळणारे घरकोंबडे, त्यांचा ट्रेकवाल्यांशी काय संबंध, असं एकाने विचारलंय. अहो, संबंध जुनाच आहे! 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा असाच गेम १९७४ साली आला, तेव्हा त्याच्या साहित्याच्या यादीतच 'आउटडोअर सर्व्हायव्हल' हा बोर्डगेम होता. रानावनातल्या भटकंतीसाठी त्याचा षटकोनी घरांचा नकाशा वापरा म्हणून.

मी गेम चालवतो, म्हणजे खेळाडूंसमोर जागा आणि प्रसंग मांडतो, तेव्हा राजगडाची संजीवनी माची सरळ उचलून गेममध्ये घालतो. दुहेरी तटबंदी, मधली चिंचोळी वाट, बुरुजात उतरणाऱ्या पायऱ्या. सगळ्या पात्रांना एकामागे एक जावं लागतं आणि मारामारीत कच्चा असलेला बिचारा जादूगार नेमका पुढे सापडतो. गड हिंडलेला भिडू मात्र आधी विचारतो, "पाणी किती उरलंय?" बाकीच्यांना ते सुचतच नाही.