हॅन्डलचं अंत्यविधीचं समूहगान: भजनी मंडळाला कोणता भाग ऐकवू?

पखवाज_यावल:
गेल्या कार्तिकात आमचे दादा गेले. चाळीस वर्षं मंडळात पखवाज वाजवला त्यांनी. अंत्ययात्रेपुढे टाळकरी होते, पण दादांचा पखवाज कोणी वाजवला नाही. मीच तो गळ्यात अडकवून तापीपर्यंत नुसता चालत गेलो.

परवा पुतणीनं हॅन्डल या अठराव्या शतकातल्या संगीतकाराचं ‘द वेज ऑफ झायन डू मोर्न’ पाठवलं. केळीला ठिबक सुरू करून बांधावर बसलो अन् दोनदा ऐकलं. आमच्यात एक जण पुढे म्हणतो, बाकीचे ध्रुपद धरतात. इथं बाया-पुरुषांचे आवाज एकामागून एक शिरतात, पुढे म्हणणारा कोणीच नाही. शब्द कळले नाहीत, तरी डोळ्यांतलं पाणी थांबेना.

वर्षश्राद्धाच्या आदल्या रात्री मंडळाला ऐकवायचंय. सगळं पाऊण तासाच्या आसपास आहे. म्हातारी मंडळी तेवढं बसायची नाहीत. कोणता भाग लावू?

भुसावळचा_टेनर:
भाऊ, दादांना नमस्कार. मी चर्चच्या गायनवृंदात गातो. ‘देअर बॉडीज आर बरीड इन पीस’ लावा. बायबलच्या परंपरेतलं वचन आहे: त्यांचे देह शांतीत पुरले आहेत, पण त्यांचं नाव सदैव जिवंत आहे. देहाची ओळ हळू, दबक्या आवाजात येते. नावाची ओळ आली की सगळे गळे एकदम मोकळे होतात. हे पुन्हा पुन्हा घडतं. नामाचा महिमा गाणाऱ्या तुमच्या मंडळाला अर्थ फोडून सांगावा लागणार नाही. आधी ओळीचं मराठी तेवढं वाचून दाखवा.

वेळ उरला तर ‘व्हेन द इअर हर्ड हर’. ज्या इंग्लंडच्या राणीच्या अंत्यविधीसाठी हे लिहिलं, ती गरिबांच्या हाकेला धावायची, असं त्यात आहे. गाताना माझा स्वर तिथंच हलतो.

सुरावट_जळगाव:
थोडी भर घालते. ती राणी कॅरोलाइन २० नोव्हेंबर १७३७ ला गेली, १७ डिसेंबरला वेस्टमिन्स्टर ॲबीत अंत्यविधी झाला. हॅन्डलनं हे १२ डिसेंबरला लिहून संपवलं. दोघंही मूळचे जर्मन, तिची त्याची ओळख इंग्लंडला येण्याआधीची. म्हणून मला हे दरबारी काम वाटतच नाही. सुरुवातीच्या कोरसमध्ये त्यानं जर्मनीतल्या लुथरन या ख्रिस्ती पंथाच्या भजनाची चाल गुंफलीय, दोघांच्याही लहानपणच्या धर्मातली. पुढे मोझार्ट या संगीतकारानं १७९१ मध्ये आपल्या रिक्विएमच्या, म्हणजे मृतांसाठीच्या प्रार्थनासंगीताच्या, आरंभी हीच सुरावट घेतली. एका घरची चाल दुसऱ्या घरच्या मयताला उपयोगी पडली, तुमच्या पुतणीनं तुमच्यासाठी केलं तसंच.

मोबाइलवर लावू नका हो, खालचे आवाज ऐकूच येत नाहीत. स्पीकर आणा.

पखवाज_यावल:
ताई, टेनरभाऊ, उपकार झाले. मंदिराचा स्पीकर सांगून ठेवलाय. मराठी ओळ पुतणी वाचेल. पखवाजाला दादांच्या पाठीमागे शाई लावलेली नाही, ती या आठवड्यात लावून घेतो. ते गाणं संपलं की पहिला अभंग मी वाजवणार.