‘देपेइझमाँ’ला मराठीत काय म्हणावं?

या फ्रेंच शब्दासाठी ‘घरची ओढ’ सुचवलं गेलंय, पण मला ते पटत नाही. घरच्या ओढीला फ्रेंचमध्ये वेगळा शब्दप्रयोग आहे, ‘माल द्यु पेई’, म्हणजे शब्दशः देशाचं दुखणं. देपेइझमाँचा रोख मागे राहिलेल्या घरापेक्षा समोरच्या जागेवर असतो. ओळखीचं आसपास काही नाही आणि ते क्षणोक्षणी जाणवतंय, अशी ती अवस्था. ती सुखाचीही असते. सहलींच्या जाहिरातीत तर ‘देपेइझमाँची हमी’ असं आमिष दाखवतात.

दक्षिण फ्रान्समधल्या तुलूझ शहरात नवी आले तेव्हा बेकरीत नंबर लागला की मी थेट ‘एक बागेट द्या, प्लीज’ म्हणायचे. काउंटरमागच्या बाई पावाला हातही न लावता माझ्याकडे बघत ‘बाँझूर’ म्हणायच्या आणि थांबायच्या. मला वाटायचं, परकी म्हणून तुटक वागतात. दोनेक आठवड्यांनी उमगलं, की त्या माझ्या बाँझूरची वाट बघत असत. तिथे आधी नमस्कार, मग काम. प्लीज म्हटल्याने तो भरून निघत नाही. त्या दोन आठवड्यांत मला घर आठवत नव्हतं. पायरी असेल म्हणून पाऊल टाकावं आणि ती नसावी, तसं मात्र रोज होत होतं. हे देपेइझमाँ.

आणि ते परदेशीच माणसाला होतं असं नाही. आत चॉकलेट घातलेल्या पदराच्या पावाला पॅरिसमध्ये ‘पँ ओ शोकोला’ म्हणतात, तुलूझकडे ‘शोकोलातीन’. पॅरिसहून इकडे आलेला माणूसही स्वतःला ‘देपेइझे’, म्हणजे देपेइझमाँ झालेला, म्हणू शकतो, कारण देपेइझमाँतला ‘पेई’ म्हणजे राष्ट्र तसाच मुलूखही. या ‘पेई’चं मूळ लॅटिन ‘पागुस’, म्हणजे टापू. शेतकरी या अर्थाचा ‘पेइझाँ’ त्याच कुळातला. आपल्या ‘देश’चंही तेच आहे: घाटाखाली कोकण, घाटावर देश. देशमुख-देशपांड्यांचा देश म्हणजे परगणाच की!

त्यामुळे घडणीने सगळ्यात जवळचा शब्द ‘देशोधडी’, पण त्यात वाताहत आहे, तो चालणार नाही. ‘परकेपणा’त समोरच्याने दूर ठेवल्याचा भाव येतो. ‘चुकल्याचुकल्यासारखं वाटणं’ बेकरीतल्या प्रसंगाला चपखल बसतं, जाहिरातीला नाही. जाहिरातीला ‘हवापालट’ छान, पण तो दोन दिवसांत आटोपतो.

म्हणून ‘हवापालट’च्याच धर्तीवर ‘मुलूखपालट’ कसा वाटतो? ‘पहिले सहा महिने मुलूखपालट फार जाणवला’ आणि ‘थोडा मुलूखपालट हवा म्हणून कोकणात गेलो’, दोन्ही वाक्यं मला तरी सहज वाटतात. आईला फोनवर हे समजावत होते, तर ती म्हणाली, ‘म्हणजे करमत नाही का गं तुला तिथे?’ करमतंय की. करमतंय आणि तरी मुलूख पालटलेला रोज जाणवतोय, हेच एका शब्दात सांगायचं आहे.