फिरकी म्हटलं की तुम्हाला काय आठवतं?

आजीच्या डब्यात कुड्या सापडल्या, पण एकीची फिरकीच नाही. सराफाकडच्या मुलाला "फिरकी हवी" म्हटलं, तर त्याला कळेना. "स्क्रू का?" आमच्या वाईला जत्रेतली कागदी फिरकी, कुडीची फिरकी, तांब्याची फिरकी, सगळ्याला एकच शब्द. तुमच्याकडे काय म्हणतात? आठवणी लिहा.

*

आईच्या मोत्याच्या कुड्यांचे आटे झिजले होते. दांडीला पांढऱ्या दोऱ्याचे दोन वेढे द्यायचे, मग फिरकी बसवायची. तरी एकदा न्हाणीत पडलीच. आईने सगळ्यांना जागच्या जागी उभं केलं, मोरीच्या तोंडात फडकं कोंबलं आणि ओल्या फरशीवर तळहात फिरवत बसली. तासाभराने बंबाच्या पायाशी सापडली, मुगाच्या डाळीएवढी. फिरकी मुठीत धरून आई रडली. कुड्या तिच्या आईच्या होत्या.

*

नागपूरला पतंगाची ती चक्री. लग्नानंतर पुण्यात आले, तर दीर म्हणे, "वहिनी, आसारी धरा." मी इकडेतिकडे बघत राहिले! शेजारचे तिलाच फिरकी म्हणत.

*

फिरकीचा तांब्या! आजोबा पंढरीला निघाले की पितळी तांब्या चिंचेने लखलखीत व्हायचा. झाकण आट्यांवर बसलं की आडवा पडला तरी थेंब सांडत नसे. उघडताना कुर्र वाजायचं. गाडीत तो आवाज आला की आम्ही भावंडं ओंजळ पुढे करायचो.

*

आमच्या मालवणात माडाच्या पातीची भिरभिरी. दोन पट्ट्या एकमेकींत अडकवायच्या, मधोमध हीर टोचायचा आणि वाऱ्याच्या तोंडावर पुळणीत धावत सुटायचं. माझ्या लेकीला गेल्या मे महिन्यात करून दिली. संध्याकाळपर्यंत खाली ठेवली नाही.

*

बार्शीकडे भिंगरी वेगळी बरं का. सोडा बाटलीचा बिल्ला दगडाने चपटा करायचा, खिळ्याने दोन भोकं, त्यातून दोरा. पीळ भरून ताणला की गूंऽऽ. कडेने बोट कापायचं, म्हणून आजी शर्टाचं मोठं बटण द्यायची. पायाला भिंगरी म्हणतात ती हीच, असं आम्हाला वाटायचं.

*

धागाकर्ती: सगळं वाचलं, आईलाही वाचून दाखवलं. आज जुन्या पेठेतल्या आजोबा सराफांकडे गेले. "फिरकी" म्हणताच त्यांनी सुट्या फिरक्यांची डबी उपडी केली. एकेक आटा लावून बघत अकरावी बसली. चांदीची आहे, सोन्याचं पाणी देऊन शनिवारी देणार आहेत.