तपकिरी बेदाण्यातली तपकिरी काडी पकडायला हायपरस्पेक्ट्रल कॅमेरा घ्यावा का?

तासगावचा_बेदाणा:
मंडळी, आमचं बेदाणा निवडायचं छोटं युनिट आहे, कलर सॉर्टर आहे पण तपकिरी मालात काडी आणि हिरव्या मालात शेडनेटचा हिरवा तुकडा असला की तो खुशाल पास करतो, शेवटी मावशी टेबलावर बसून निवडतातच. परवा एक एजंट हायपरस्पेक्ट्रल कॅमेऱ्याचं सांगून गेला, म्हणजे साध्या कॅमेऱ्यासारखे तीन नाही तर उजेडाचे दोनशेच्या आसपास बारीक रंग वेगवेगळे मोजणारा, ४०० ते १००० नॅनोमीटर तरंगलांबीवाला, म्हणे सगळं दिसतं. खरंच दिसतं का? आणि तीनाऐवजी दोनशे रंग घेऊन करायचं काय?

लॅबमधला_पोरगा:
दादा, घाई करू नका. ४०० ते १००० म्हणजे सिलिकॉन सेन्सर, त्यात रंग चांगला कळतो, पण तुमचं दुखणंच रंग सारखा असण्याचं आहे ना. तुम्हाला ९०० ते १७००वाला बघायला पाहिजे, तो बराच महाग पडतो. बेदाण्यात ओलावा असतो, पाणी १४५०चा उजेड शोषतं, म्हणून परत येणाऱ्या उजेडाच्या ग्राफवर तिथे खड्डा पडतो, काडी म्हणजे वाळकं लाकूड, तिच्या ग्राफचा आकार वेगळा, आणि नेट पॉलिथिनचं, त्याची खूण १२००च्या जरा पुढे. चांद्रयान-१ वरच्या नासाच्या उपकरणाने चंद्रावरचं पाणी पण असाच ३०००जवळचा खड्डा बघून ओळखलेलं, २००९ला जाहीर झालं. काळ्या प्लास्टिकची मात्र खूण दिसत नाही, त्यातला कार्बन उजेडच गिळतो.

पट्ट्यावरचा_माणूस:
वरचं बरोबर, पण शेडमध्ये आल्यावर खरी गंमत. हा कॅमेरा एकावेळी एकच ओळ बघतो, पट्टा पुढे सरकेल तसा फोटो तयार होतो. माझ्या पहिल्या फोटोत आडवे पट्टेच पट्टे, दोन दिवस सेन्सरला शिव्या घातल्या, निघाले हॅलोजन! एसीवर लावलेले, सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होत होते, डीसी सप्लाय दिला आणि पट्टे गेले. साधे पांढरे एलईडी तर लावूच नका, १००० च्या पुढे त्यांचा उजेडच नसतो. आणि डेटा बघा, ६४० पिक्सेल, २२४ बँड (म्हणजे तेवढे बारीक रंग), प्रत्येकी २ बाइट, सेकंदाला ३०० ओळी, म्हणजे मिनिटाला ५ जीबीच्या वर. एक मिलीमीटरची काडी धरायची तर दर मिलीमीटरला एक ओळ हवी, म्हणजे पट्टा सेकंदाला ३० सेंटीमीटरच पळवता येईल, तेवढ्यात तुमचा माल निघतो का ते आधी बघा.

तासगावचा_बेदाणा:
३० सेंटीमीटर?? आमचा पट्टा याच्या तिप्पट पळतो की हो.

लॅबमधला_पोरगा:
म्हणून तर म्हणतो कॅमेरा विकत घेऊ नका, आधी नमुने एखाद्या लॅबमध्ये स्कॅन करून घ्या. त्यातून तुमच्या कामाचे तीन-चार बँड सापडले की तेवढेच फिल्टर लावलेला मल्टिस्पेक्ट्रल कॅमेरा चालतो, तो स्वस्त पण आणि वेगवान पण.

तासगावचा_बेदाणा:
हे पटलं. मावशींनी निवडलेल्या काड्या आणि नेटचे तुकडे बरणीत टाकलेले आहेत, वर्षभराचे. ते चालतील का नवं नेट कापून देऊ?

पट्ट्यावरचा_माणूस:
बरणीच द्या, आणि त्यातलं काही धुऊबिऊ नका. मालात येतं ते धूळ आणि डिपिंग ऑइल (द्राक्षं वाळवायच्या आधी लावतात ते तेल) लागलेलंच येतं, मशीनला तेच दाखवायचंय.