पावसाळ्यात भोपळ्याची कोवळी फळे गळतात. हाताने पराग कसे घालावेत?

प्रश्न (बांदोडा, फोंडा)

नमस्कार. आमच्या परसात मिरगाच्या पावसाबरोबर लाल भोपळ्याच्या बिया टोकल्या होत्या. वेल माटवावर छान पसरला आहे, पाने रुंद व गडद हिरवी आहेत आणि आषाढ सरता सरता फुलेही भरपूर येऊ लागली आहेत. आरंभी केवळ लांब, बारीक देठाची, म्हणजे नर, फुले येत होती. आता बुडाशी सुपारीएवढे फळ असलेली मादी फुलेही दिसतात, परंतु फूल मिटून गेल्यावर थोड्याच दिवसांत ते फळ पिवळे पडते, सुरकुतते आणि गळून जाते. पाऊस लागून राहिल्यामुळे सकाळी फुलांवर मधमाश्या जवळजवळ दिसतच नाहीत.

चवथीच्या माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर फळे-भाज्या बांधतात त्या चौकटीला, परसातलाच भोपळा बांधावा, असा आमच्या घरी आग्रह असतो. माटोळीचे सगळे सामान बाजारात मिळते, तरीही आपल्या मातीत पिकलेले देवापुढे बांधण्याचे समाधान वेगळेच, म्हणून हा प्रश्न मनापासून विचारत आहे. हाताने परागीभवन करावे असे शेजारी सुचवतात. ते नेमके किती वाजता करावे, एका मादी फुलाला किती नर फुले लागतात, आणि पहाटेच फुले पावसात भिजली असतील तर काय करावे? फळे गळण्याचे कारण हेच आहे की दुसरे काही, हे ओळखण्याची खूण असल्यास तीही सांगावी.

उत्तर (डिचोली)

ताई, आपण केलेल्या वर्णनावरून कारण परागीभवनाचा अभाव हेच दिसते. भोपळ्याचे पराग जड आणि चिकट असतात, त्यामुळे ते वाऱ्याने उडून मादी फुलापर्यंत पोहोचत नाहीत. ते काम माश्यांनीच करावे लागते, आणि आपली सातेरी माशी मुसळधार पावसात पेटीबाहेर पडत नाही. भोपळा मूळचा अमेरिका खंडातला. तिथे भोपळावर्गीय फुलांवरच जगणाऱ्या काही माश्या आहेत, ज्या उजाडण्याच्या सुमारासच कामाला लागतात. 1492 नंतरच्या समुद्रप्रवासांतून भोपळा जगभर पसरला, त्या माश्या मात्र आपल्याकडे आल्या नाहीत. पावसाळ्यात माणसाला हात लावावा लागतो, त्यात नवल नाही.

वेळ सर्वांत महत्त्वाची. भोपळ्याचे फूल पहाटे उमलते आणि त्याच दिवशी दुपारच्या आत कायमचे मिटते, त्यामुळे दुसऱ्या दिवसाची संधी नसते. उजाडल्यापासून साधारण 8 वाजेपर्यंत काम उरकावे. ढगाळ दिवशी फूल थोडा अधिक वेळ उघडे राहते, पण परागांचा जोम वेळेबरोबर कमी होत जातो, म्हणून त्यावर विसंबू नये. त्याच सकाळी उमललेले नर फूल देठासह खुडावे, पाकळ्या हलक्या हाताने काढून टाकाव्यात आणि मधला पिवळा दांडा बोटाला लावून पाहावा. बोटावर पिवळी पूड उतरली तर पराग तयार आहेत असे समजावे. मग तो दांडा मादी फुलाच्या मधल्या भागावर, म्हणजे कुक्षीवर, सर्व बाजूंनी हळुवार टेकवून फिरवावा. कुक्षीला साधारण तीन जाडसर भाग असतात आणि प्रत्येक भागावर पराग पोहोचणे आवश्यक असते, कारण फळातल्या प्रत्येक बीसाठी एक स्वतंत्र परागकण लागतो. एकाच बाजूला पराग पडले तर फळ धरले तरी ते एका अंगाने खुजे व वाकडे होते. एका मादी फुलाला एक नर फूल चालते, परंतु पावसाळ्यात दोन किंवा तीन वापरणे मी योग्य मानतो.

आता पावसाविषयी, कारण गोव्यात खरी अडचण तिथेच आहे. परागकण पाणी शोषून फुगतात आणि फुटतात, त्यामुळे भिजलेले नर फूल वाळवून काही उपयोग होत नाही. यावर उपाय आदल्या संध्याकाळी करावा. दुसऱ्या दिवशी उमलणारी कळी लांबट होते आणि तिच्या टोकाशी पिवळसर केशरी रंग दिसू लागतो. दोन-चार दिवस निरखले की ती लगेच ओळखू येते. अशा नर कळ्या लांब देठासह कापून घरात पाण्याच्या पेल्यात ठेवाव्यात. सकाळी त्या कोरड्या जागी उमलतात आणि पराग हाताशी राहतात. मादी कळी मात्र वेलावरच राहणार, म्हणून तिच्यावर कागदी पिशवी किंवा सागाचे पान शंकूसारखे वळवून बांधावे. प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधू नये, आत वाफ धरते. पराग लावल्यावर तेच झाकण पुन्हा घालून दुपारपर्यंत ठेवावे.

उत्तर (वाळपई, सत्तरी)

वरील पद्धत उत्तम आहे. तरीही पराग लावण्याआधी आपण गळलेली दोन-तीन फळे कापून पाहावीत अशी माझी विनंती आहे, कारण पावसाळ्यात गळ तीन निरनिराळ्या कारणांनी होते आणि लांबून ती सारखीच दिसते.

पराग न मिळालेले फळ वाढतच नाही. ते सगळीकडून पिवळे पडून आक्रसते, आणि कापल्यावर आत स्वच्छ असते. फळमाशीने डंख केलेल्या फळावर बारीक छिद्र व त्याभोवती डिंकासारखा पाझर दिसतो, कापल्यावर आत पांढऱ्या अळ्या सापडतात. तिसरे कारण बुरशीचे. कोमेजलेले फूल फळाच्या टोकाला चिकटून राहते, त्यात पाणी साचते आणि तिथून मऊ कूज सुरू होते. नीट पाहिले तर कुजलेल्या भागावर टाचणीच्या डोक्यासारखे काळे ठिपके असलेली बारीक लव दिसते. हे फळ पराग मिळूनही जाते, म्हणून हाताने परागीभवन करणाऱ्याला त्याचा फार मनस्ताप होतो. माझ्या मते पावसाळ्यात पराग लावण्याइतकेच महत्त्वाचे दुसरे काम म्हणजे फळ धरल्याची खात्री झाली, की दोन-तीन दिवसांनी टोकाचे वाळलेले फूल अलगद काढून टाकणे आणि आजूबाजूची जुनी पाने कापून वारा खेळता ठेवणे.

फळमाशीसाठी क्यू ल्यूरचा, म्हणजे नर फळमाशीला ओढून घेणाऱ्या गंधाचा, सापळा परसात टांगता येतो. त्यात फक्त नर माश्या अडकतात, त्यामुळे केवळ त्यावर विसंबून न राहता कोवळ्या फळाला कागदाची किंवा जुन्या सुती कापडाची पिशवी घालावी. डंखलेली फळे आळ्यात किंवा उघड्या खतखड्ड्यात टाकू नयेत, कारण अळ्या मातीत शिरून कोष करतात आणि त्यांतून पुन्हा माश्या निघतात. जाड पिशवीत तोंड बांधून ती नष्ट करावीत.

प्रश्नकर्ती (बांदोडा, फोंडा)

आपणा दोघांचे आभार. फळे कापून पाहिली, आत अळ्या नाहीत आणि कूजही नाही. मात्र एक नवीन अडचण आहे. ज्या दिवशी मादी फूल उमलते, त्या दिवशी कधी कधी वेलावर एकही नर फूल नसते. शेजारच्या माटवावर दोडकी आणि काकडी भरपूर फुललेली आहेत. त्यांचे पराग चालतील का?

उत्तर (पेडणे)

दोडकी, काकडी, कारली किंवा दुधी, यांपैकी कशाचेही पराग लाल भोपळ्याला चालत नाहीत. ही सगळी एकाच कुळातली असली तरी त्यांच्या जाती फार दूरच्या आहेत. शिवाय दोडक्याची आणि दुधीची फुले संध्याकाळी उमलतात, त्यामुळे त्यांचे परागीभवन तिन्हीसांजेला करावे लागते. फागलांचे (कर्टोल्यांचे) तर नर आणि मादी वेलच वेगळे असतात. शेजारी कोणाकडे लाल भोपळा असेल, तर त्याचे नर फूल खुशाल मागून आणावे.

परसात एकच वेल असला की नर-मादी फुलांची वेळ चुकणारच. पुढच्या वर्षी दोन-तीन आळी आठवड्याच्या अंतराने लावावीत, म्हणजे रोज एखादे तरी नर फूल मिळेल. आणखी एक सुचवावेसे वाटते. फुलांची भजी आमच्याकडेही आवडीने होतात, परंतु मादी फुले येऊ लागल्यावर सकाळची नर फुले आधी परागासाठी वापरावीत. काढलेल्या पाकळ्या भज्यांना पुरतात.

पाने फार गडद व रुंद असल्याचे आपण लिहिले आहे. शेणखत किंवा युरिया जास्त झाल्यास वेल पानांवर आणि नर फुलांवरच जोर देतो, म्हणून आता नत्राचे खत थांबवावे. मादी फुले वाढवण्यासाठी वेल लहान असताना संप्रेरकाची फवारणी करतात, पण घरच्या एक-दोन वेलांसाठी मी ती कोणालाही सुचवणार नाही. एका वेलाने दोन-तीन फळे पेलली की पुढची कोवळी फळे तो स्वतःच गाळतो. ती गळ नैसर्गिक आहे, तिथे पुन्हा पराग लावून उपयोग होत नाही.

माटोळीच्या दृष्टीने सांगायचे, तर फळ पूर्ण पिकायला दीड ते दोन महिने लागतात, परंतु आकार बहुतांशी पहिल्या महिनाभरात भरतो. श्रावणाच्या पहिल्या आठवड्यात धरलेले फळ चवथीला हिरवट असेल, तरी बांधण्याजोगे होईल. त्यामुळे आता उमलणारे एकही मादी फूल वाया जाऊ देऊ नये.

उत्तर (माशेल)

बियाण्याविषयी थोडे लिहितो, कारण हाताने परागीभवन करणाऱ्याला गावठी वाण शुद्ध राखण्याची संधी सहज मिळते. शेजाऱ्याकडचा भोपळा वेगळ्या वाणाचा असेल, तर त्याच्या परागाने यंदाच्या फळाची चव किंवा रंग बदलत नाही. बदल बियांमध्ये होतो आणि पुढच्या वर्षीच्या वेलावर दिसतो. म्हणून खाण्यासाठी कोणतेही नर फूल चालेल, पण बियाण्यासाठी एक फळ वेगळे राखावे. त्यासाठी आदल्या संध्याकाळी नर आणि मादी अशा दोन्ही कळ्यांची टोके दोऱ्याने बांधून ठेवावीत, सकाळी सोडून पराग लावावेत आणि मादी फूल लगेच पुन्हा बांधावे, म्हणजे नंतर एखादी माशी आली तरी बाहेरचे पराग आत जाणार नाहीत. त्या फळाच्या देठाला रंगीत चिंधी बांधून खूण करावी आणि ते माटोळीसाठी काढू नये. देठ वाळून कडक होईपर्यंत ते वेलावर राहू द्यावे, उतरवल्यावर आणखी तीनेक आठवडे घरात कोरड्या जागी ठेवावे आणि मगच बिया काढून, धुऊन, सावलीत वाळवाव्यात.