नसरीन मोहमेदी: रेखाचित्रांशेजारी छायाचित्रे लावावीत का?

कोरा कागद
‘फत्तेपूर सिक्रीच्या फरसबंदीचे छायाचित्र पाहिले आणि शेजारच्या रेखाचित्राचे कोडे सुटले,’ असे काल या चर्चामंचावर एका सदस्याने लिहिले आणि त्यावर अनेकांनी माना डोलावल्या, म्हणून सविस्तर उत्तर देणे भाग आहे. मुळात कोडे होतेच कुठे? अमूर्त रेषांची चित्रे काढणाऱ्या नसरीनबाईंनी बहुतेक कामांना ना शीर्षक दिले, ना त्यांवर तारीख घातली. त्यांनी काढलेली छायाचित्रे त्यांच्या हयातीत एकदाही प्रदर्शित झाली नाहीत. १९९० मध्ये किहीमला त्यांचे निधन झाल्यानंतर ती बाहेर आली, आणि २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट ब्रॉयर या संग्रहालयात तर रेखाचित्रांसोबत मांडली गेली. याचा परिणाम असा होतो की, प्रेक्षक आधी छायाचित्र पाहतो, मग रेखाचित्र पाहतो, ‘अच्छा, हे ते होय’ असे म्हणतो आणि पुढे सरकतो. जे चित्र कशाचेही नाही म्हणून आपल्याला थांबवते, त्याचा या मांडणीने नकाशा करून टाकला आहे.

लाल दिवा
आपला राग प्रेक्षकावर आहे आणि शिक्षा छायाचित्रांना होते आहे. मी अनेक वर्षे अंधाऱ्या खोलीत कृष्णधवल छपाई केली आहे. चौकट कुठे कापायची, कोणता भाग जळू द्यायचा आणि कोणता राखायचा, हे ठरवताना माणूस रेखाटनच करत असतो. सिक्रीत गेलेला प्रत्येक जण बुलंद दरवाजासमोर मान वर करतो. या बाईंनी कॅमेरा फरशीच्या सांध्यांकडे वळवला. म्हणजे रेषा त्यांच्या डोळ्यांत आधीपासून होती. छायाचित्र हे रेखाचित्राचे मूळ नसून त्याचे भावंड आहे. आमच्या कलेला मात्र नेहमी पुराव्याच्या कागदासारखे वागवले जाते, काचेच्या पेटीत आणि कोपऱ्यात.

ओळंबा
मी वास्तुरचनाकार आहे, त्यामुळे माझी तक्रार दोघांबद्दलही आहे. अकबराने १५७१ च्या सुमारास वसवायला घेतलेल्या त्या नगरीत लाल वालुकाश्माचे चिरे कुणीतरी घडवले, पाणी वाहून जावे म्हणून फरशीला उतार दिला, आणि छायाचित्रात या सगळ्याचा सुंदर करडा पट्टा उरतो. खाली लिहिलेले असते ‘शीर्षकहीन’. वास्तूची छायाचित्रे म्हणून ज्यांचे कौतुक चालते, त्यांत वास्तू किती उरते?

कोरा कागद
ओळंबा यांचा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे, हे त्यांच्या लक्षात आलेले दिसत नाही.

ओळंबा
लक्षात आले आहे, म्हणूनच चिडचिड होते आहे.

टी-स्क्वेअर
सगळे इमारतीबद्दल बोलत आहेत. हाताबद्दल कुणीच बोलत नाही. मी रोट्रिंग या आरेखनाच्या शाईपेनने ट्रेसिंग कागदावर नकाशे काढून पोट भरले आहे. पेन उभे धरावे लागते, वेग सारखा ठेवावा लागतो, पट्टीची कड कागदाला टेकली तर शाई खाली पसरते, आणि चुकलेली रेघ ब्लेडने खरवडताना कागदाचा जीव जातो. बाईंनी हीच साधने वापरली. मज्जासंस्थेच्या आजाराने शरीर साथ सोडत असतानाही त्यांनी ऐंशीच्या दशकात त्या अधांतरी तिरक्या रेषा ओढल्या. यापुढे फरशीचे छायाचित्र ही काय गोष्ट आहे? आमच्या कार्यालयात संगणक आला आणि थरथरत्या हाताच्या एका ज्येष्ठ आरेखकाला दुसऱ्याच दिवशी फायली लावायला बसवले. त्याची रेघ आजही डोळ्यांसमोर आहे.

लाल दिवा
आरेखकाबद्दल वाईट वाटले. पण आजार मध्ये आणला की प्रत्येक रेषा रुग्णाची होते. सत्तरच्या दशकातील जाळीची रेखाचित्रेही मग लोक त्याच चष्म्यातून पाहू लागतात.

टी-स्क्वेअर
मी रुग्णाची रेषा म्हटलेले नाही. मी कसब म्हटले आहे. ज्यांनी आयुष्यात एक सलग शाईची रेघ ओढली नाही, त्यांनी चष्म्याचे धडे देऊ नयेत.

कोरा कागद
टी-स्क्वेअर, आपण छायाचित्रे काढून टाकून त्या जागी वैद्यकीय इतिहास टांगत आहात. चित्राला बाहेरून आधार देण्याची सवय तीच आहे. कसब वाखाणायचे तर कागदासमोर उभे राहूनही वाखाणता येते.

टी-स्क्वेअर
आपल्यासारख्यांना येत असेल. मला मात्र हाताला काय पडते ते ठाऊक असल्यामुळेच ती रेषा दिसली. तो बाहेरचा आधार असेल तर असू द्या.

एडिसनकर
मी न्यूयॉर्कचे प्रदर्शन पाहिले आहे. वास्तुरचनाकार मार्सेल ब्रॉयरच्या १९६६ च्या इमारतीत, त्या काँक्रीटच्या जाळीदार छताखाली ही कामे पाहताना भिंतीवरची छायाचित्रे नसती, तरी माझ्यासारख्याच्या डोक्यात वास्तू आलीच असती. माझ्यासोबतच्या आत्या मुंबईत शाळेत चित्रकला शिकवत असत. त्यांनी आधी रेखाचित्रे पाहिली, छायाचित्रांकडे वळल्या आणि पुन्हा रेखाचित्रांकडे आल्या. दुसऱ्या वेळी त्या जास्त वेळ थांबल्या. कोडे सुटल्याची भाषा त्यांनी केली नाही.

कोरा कागद
एका जाणकार आत्याबाईंवरून सगळ्या प्रेक्षकांचा निर्वाळा देता येत नाही.

लाल दिवा
आणि कालच्या एका सदस्यावरून देता येतो? शिवाय, हयातीत दाखवले नाही ते दाखवू नये हा आपला नियम असेल, तर त्यांच्या रोजनिशीची पानेही झाकून ठेवा; आणि त्यांनी तारखा घातल्या नव्हत्या म्हणून अभ्यासकांनी अंदाजाने दिलेली सालेही पाट्यांवरून पुसा.

कोरा कागद
साले पुसायला माझी हरकत नाही. रोजनिशीबद्दलचा मुद्दा मात्र मान्य करणे भाग आहे, कारण ती पाने मी स्वतः आवडीने पाहिली आहेत, आणि लाल दिवा यांना हा आनंद आता आठवडाभर पुरेल. छायाचित्रे दाखवा, पण वेगळ्या दालनात, रेखाचित्रे पाहून झाल्यानंतर. एकास एक जोडी लावण्याला माझा विरोध कायम आहे.

ओळंबा
वेगळ्या दालनात लावाल तेव्हा पाटीवर ‘फत्तेपूर सिक्री’ एवढे तरी लिहा.

लाल दिवा
लिहा, पण ‘शीर्षकहीन’च्या खाली आणि लहान अक्षरांत.